तीन गुणांचा फरक वजनामुळे पडला का? टूरिंग कारचा सीझन कसा बघावा

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तू २०१८ चा डब्ल्यूटीसीआर, म्हणजे शोरूमच्या गाड्यांवरून बनवलेल्या टूरिंग कारच्या वर्ल्ड कपचा सीझन सुट्टीत सगळा बघून काढलास. दहा ठिकाणी प्रत्येकी तीन, अशा तीस शर्यती. शेवटी ५६ वर्षांचा गॅब्रिएले तारक्विनी ३०६ गुणांवर वर्ल्ड कप घेऊन गेला आणि चार वेळा जगज्जेता झालेला इव्हान मुलर ३०३ वर थांबला. तुझं म्हणणं असं, की चांगल्या पळणाऱ्या गाडीवर वजन लादतात, दुसऱ्या शर्यतीत पहिल्या दहा जणांना उलट्या क्रमाने उभं करतात, मग खरा वेगवान कोण हे कळणार कसं? आणि असा सीझन नीट समजून घ्यायचा तर नेमकं काय बघायचं? तू मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, नागपूरचाच आहेस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो.

माझं काम शर्यतीच्या गाड्या तयार करण्याचं. वर्कशॉप इथेच, हिंगणा रोडला. सीझन सुरू झाला की चेन्नई आणि कोइम्बतूरच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करायच्या जागेत, मुक्काम. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या टूरिंग गाड्या आणि जागतिक स्पर्धेतल्या टीसीआर नियमांच्या गाड्या यांच्यात ताकदीचा आणि पैशाचा फरक प्रचंड आहे. पण पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं दुखणं दोन्हीकडे एकच असतं, आणि गुणांचा हिशोबही त्याच पद्धतीने चालतो. मी सांगतोय ते त्या अनुभवावरून.

पहिली गोष्ट. तुझ्या प्रश्नातला एक धागा तुझ्या नजरेतून सुटला आहे. तारक्विनी आणि मुलर, दोघंही ह्युंदाई आय३० एन टीसीआर चालवत होते. टीम वेगळ्या होत्या. तारक्विनी बीआरसीकडून, मुलर स्वतःच्याच टीमकडून. पण गाडीचं मॉडेल एक. आणि त्या स्पर्धेत भरपाईचं वजन मॉडेलनुसार ठरत होतं. त्या मॉडेलच्या गाड्यांनी आधीच्या फेऱ्यांमध्ये किती वेळात लॅप मारले ते बघून त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांवर सारखंच वजन चढायचं. म्हणजे मुलरच्या गाडीत जेवढं वजन, तेवढंच तारक्विनीच्या गाडीत. होंडा किंवा ऑडीवाल्यांनी वजनाबद्दल तक्रार केली तर ती ऐकून घेता येईल. पण या दोघांमधले तीन गुण वजनाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. ते दुसरीकडे शोधायला हवेत.

आता ३०६ ला ३० ने भाग. शर्यतीमागे दहा गुण आले, आणि त्यात क्वालिफाइंगचे, म्हणजे सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या वेळ-चाचणीचे, थोडे गुणही धरलेले आहेत. तिन्ही शर्यतींचे गुणांचे तक्ते जरा वेगळे होते, तिसऱ्या शर्यतीला सगळ्यांत जास्त गुण. पण ढोबळ मानाने दहा गुण म्हणजे पाचवा-सहावा क्रमांक. जग जिंकणाऱ्या माणसाची सरासरी कामगिरी पाचव्या-सहाव्या क्रमांकाची! फॉर्म्युला वन बघणाऱ्याला हे कमीपणाचं वाटेल. मला मात्र या खेळाचं सगळं मर्म त्या आकड्यात दिसतं. पंचवीसेक गाड्या, सगळ्यांचे लॅप टाइम एका सेकंदाच्या आत-बाहेर, दारं एकमेकांना घासतायत, आणि हा माणूस तीस वेळा त्या गर्दीतून बहुतेकदा काहीतरी घेऊनच बाहेर पडतो.

आपल्याकडच्या शंकरपटाशी ताडून बघ. तळेगाव दशासरच्या पटात बैलजोडी सुटते, घड्याळ लागतं, सेकंद मोजले जातात. वेगवान कोण, या प्रश्नाला तिथे स्वच्छ उत्तर मिळतं. टूरिंग कारच्या सीझनमध्ये तो प्रश्नच विचारलेला नसतो. इथे विचारतात ते असं: गाडी जड असताना, ग्रिडवर, म्हणजे सुटण्याच्या रांगेत, मागे उभं असताना, टायर संपत आलेले असताना आणि शेजारचा आत घुसत असताना तू किती मिळवलंस? तू पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या परीक्षेच्या निकालात शोधतो आहेस, म्हणून तो निकाल तुला अन्यायाचा वाटतो.

गुणांचं गणित एकदा हाताने करून बघ. २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ हा नेहमीचा तक्ता घे. एका ड्रायव्हरने चार शर्यतींत दोन जिंकल्या आणि दोन सोडून द्याव्या लागल्या. त्याचे ५०. दुसऱ्याने एकही जिंकली नाही, चारही वेळा तिसरा आला. त्याचे ६०. बघणाऱ्यांच्या लक्षात पहिला राहतो, तक्त्यात वर दुसरा असतो. माझ्या पिटमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला मी हे कागदावर करायला लावतो, कारण नवीन पोराला वाटतं की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी केलेली प्रत्येक धडपड म्हणजे धाडस. त्यातून मिळणार तीन गुण आणि पणाला लागलेले पंधरा. कधी ती धडपड योग्यही असते, शेवटची फेरी असेल, समोरच्याच्या टायरचा जीव गेलेला दिसत असेल तर. पण एप्रिल महिन्यात, पहिल्याच वळणावर, नाही.

फरक किती बारीक असू शकतो याचं दुसरं उदाहरण २००६ चं. तेव्हा स्पर्धेचं नाव डब्ल्यूटीसीसी होतं. अँडी प्रियोचे ७३ गुण, यॉर्ग म्युलरचे ७२. दोघंही बीएमडब्ल्यूमध्ये. तेव्हा पहिल्या आठांनाच गुण मिळायचे आणि आठव्याला एकच गुण. अख्ख्या वर्षात कुठेतरी नववा येण्याऐवजी आठवा आलेला तो एक दिवस तिथे कामी येतो.

आता वजनाकडे येऊ. तो नियम मुळात आहे कशासाठी?

टीसीआरची कल्पना मार्चेल्लो लोत्ती यांनी मांडली आणि २०१५ पासून त्या नियमांवर आंतरराष्ट्रीय मालिका सुरू झाली. शोरूममध्ये मिळणारी चार किंवा पाच दरवाजांची गाडी, दोन लिटरचं टर्बो इंजिन, साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद आणि फक्त पुढच्या चाकांना ड्राइव्ह. कंपनीने गाडी बनवायची आणि खाजगी टीमने ती विकत घेऊन पळवायची. सात वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका ग्रिडवर आल्या की कोणाची बॉडी हवेत चांगली कापते, कोणाचं इंजिन खालून जोर धरतं. हे फरक खर्च करून मिटवायला गेलं की काय होतं ते २०१४ ते २०१६ मध्ये जगाने बघितलं. त्या काळातल्या टीसी१ गाड्या कंपन्यांनी पैसा ओतून बनवलेल्या होत्या. सिट्रोएन इतकी पुढे गेली की होसे मारिया लोपेस ओळीने तीन वर्षं जगज्जेता झाला आणि तिन्ही वर्षं दुसरा कोण, तर इव्हान मुलर, तोही सिट्रोएनमध्येच. तेव्हाही वजन लादत होते. पण गाडीतला फरक इतका मोठा होता की वजनाने तो झाकला जाईना. २०१६ नंतर सिट्रोएन निघून गेली, २०१७ चा सीझन मोजक्या गाड्यांवर झाला, व्होल्वोच्या थेड ब्यर्कने तो जिंकला, आणि २०१८ ला सगळ्यांनी टीसीआरचे नियम स्वीकारले. वजनाचा नियम ज्याला नकोसा वाटतो त्याने ती तीन वर्षं ओळीने बघावीत.

टीसीआरमध्ये दोन गोष्टी वेगळ्या धर, कारण बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. एक म्हणजे कामगिरीचा समतोल: गाडीची चाचणी घेऊन तिचं मूळ वजन, इंजिनची ताकद किती टक्के वापरायची आणि जमिनीपासूनची उंची ठरवून देतात. दुसरं म्हणजे भरपाईचं वजन: सीझन चालू असताना लॅप टाइम बघून चढणारं आणि उतरणारं. पहिल्या गोष्टीत सीझनच्या मध्यात फेरफार झाला आणि त्यामागचे आकडे टीमना नीट दाखवले नाहीत, तर मलाही ते पटत नाही. इंजिनिअरने महिनाभर घासून काढलेला सेटअप एका परिपत्रकाने मोडीत निघतो. दुसरी गोष्ट मात्र सगळ्यांना आधीपासून माहीत असते. तिचा हिशोब धरून आखणी करता येते, आणि आखणी करणं हेच तर आमचं काम.

२०१८ ला जास्तीत जास्त ६० किलो चढू शकत होते. ड्रायव्हरसकट गाडी साडेबाराशे किलोच्या वर. म्हणजे जवळपास पाच टक्के भर. याचा परिणाम किती? इथे मला ‘सर्किटवर अवलंबून आहे’ असं म्हणावंच लागतं. लांब सरळ रस्त्यावर टॉप स्पीड हवेचा अडथळा आणि इंजिन ठरवतात, वजनाने तो फारसा घटत नाही. वजन बोचतं ते वळणातून बाहेर पडताना, चढावर आणि ब्रेकवर. जर्मनीतल्या नुर्बर्गरिंगची नॉर्डश्लायफे ही जुनी लांब वाट धरून होणारी २५ किलोमीटरची लॅप घे, सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या बिंदूत तीनेकशे मीटरची चढउतार आहे. तिथे ६० किलो प्रत्येक चढावर जाणवतात, पण शर्यत तीनच लॅपची, त्यामुळे टायर तग धरतात. उलट हंगेरोरिंगसारखं सव्वाचार-साडेचार किलोमीटरचं वळणावळणाचं सर्किट घे. तिथे तेच वजन लॅपमागून लॅप पुढच्या टायरच्या जिवावर उठतं.

पुढच्या टायरचं हे प्रकरण जरा खोलात सांगतो, कारण माझ्या मते सीझनमधल्या निम्म्या गोष्टी तिथे ठरतात. या गाड्यांमध्ये इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, ड्राइव्ह पुढे. ब्रेक मारला की भार आणखी पुढे येतो. वळवायचं काम पुढच्या चाकांचं आणि वळणातून बाहेर पडताना साडेतीनशे हॉर्सपॉवर जमिनीवर उतरवायचं कामही त्यांचंच. मागचे टायर जवळपास रिकामे बसलेले असतात, इतके की पहिल्या एक-दोन लॅपमध्ये ते थंडच राहतात आणि ड्रायव्हरने जरा अचानक पाय काढला की गाडीची शेपूट फिरते. पहिल्या लॅपला चांगले चांगले ड्रायव्हर फिरताना दिसतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

शर्यत संपून गाडी आत आली की आम्ही आधी टायरला हात घालतो. सुईसारखं टोक असलेला तापमापक रबरात तीन ठिकाणी टोचायचा: आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. तिन्ही आकडे लगेच वहीत. बाहेरची कड फार तापलेली दिसली तर ड्रायव्हरने गाडी वळणात जबरदस्तीने ढकलली आहे, किंवा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतला कल, कमी पडतोय. मधलाच भाग जास्त तापला असेल तर हवा जास्त झाली. मग टायरवरून बोट फिरवायचं. भार आलेल्या बाजूच्या पुढच्या टायरच्या खांद्यावर रबराच्या बारीक वळ्या गोळा झालेल्या असतात, बोटाला खरखरीत लागतात. त्या वळ्या खोल गेल्या असतील तर समजायचं की शेवटच्या काही लॅप ड्रायव्हरने नुसती गाडी रस्त्यावर ठेवली, शर्यत त्याआधीच संपली होती. चाचणीच्या दिवशी शेजारच्या सीटच्या जागी, फ्लोअरवर लोखंडी प्लेटा बोल्टने आवळून आम्ही वजनासह आणि वजनाशिवाय असे दोन्ही फेरे मारून घेतो. घड्याळात एका लॅपचा फरक किरकोळ दिसतो. टायरवर बोट फिरवलं की खरा फरक हाताला लागतो.

हवेचं गणितही बघून ठेव, तुझ्या अभ्यासक्रमातलंच आहे. सकाळी २० अंश तापमानात टायरमध्ये २० पीएसआय भरली आणि शर्यतीत आतली हवा ९० अंशांवर गेली, तर गेज २८ च्या आसपास दाखवेल. आता आपल्या नागपूरच्या मे महिन्यातली दुपार धर, ४५ अंश. तितकाच तापल्यावर तोच २८ चा आकडा हवा असेल तर सुरुवातीलाच २३ च्या जवळ भरावी लागेल. सकाळचाच आकडा दुपारी भरलास तर टायर गरम होऊनही २५ वरच राहील आणि खांदे घासून निघतील. समृद्धी महामार्गावरून भर उन्हात गाडी हाकणाऱ्यांना टायरच्या हवेबद्दल मी बजावतो ते याच हिशोबाने, फक्त तिथे काळजी उलट्या बाजूची असते. मोरोक्कोतलं माराकेश, हॉलंडमधलं झँडफूर्ट, चीनमधलं वुहान, जपानमधलं सुझुका. २०१८ चा सीझन एवढ्या हवामानांतून गेला. प्रत्येक ठिकाणी हे आकडे नव्याने मांडायचे. ज्या टीमच्या वह्या चांगल्या तिचे गुण गळत नाहीत.

टायर पूर्ण स्पर्धेलाच कसा गोत्यात आणतो ते २०२२ ला दिसलं. नुर्बर्गरिंगच्या शर्यती टायरच्या सुरक्षिततेच्या प्रश्नामुळे रद्द झाल्या. लिंक अँड कोच्या गाड्या पळवणारी सायन रेसिंग ही त्या काळातली बलाढ्य टीम टायरवर भरवसा उरला नाही म्हणून सीझन अर्धा टाकून निघून गेली. मिकेल अस्कोनाने तो सीझन जिंकला आणि डब्ल्यूटीसीआर तिथेच संपली. २०२३ पासून टीसीआर वर्ल्ड टूर सुरू आहे.

उलट्या ग्रिडबद्दल. तुला ती सर्कस वाटते. २०१८ ची रचना नीट बघ. दुसऱ्या आणि तिसऱ्या शर्यतीसाठी एकच क्वालिफाइंग, तीन टप्प्यांचं. दुसऱ्या टप्प्यात बारा गाड्या. त्यातल्या पहिल्या दहांना उलटं करून दुसऱ्या शर्यतीचं ग्रिड. पहिल्या पाचांना तिसऱ्या टप्प्यात जायला मिळणार आणि तिथून तिसऱ्या शर्यतीची पोल, म्हणजे ग्रिडवरची पहिली जागा, ठरणार. आता समज, एखाद्याने हुशारी केली आणि मुद्दाम दहावा आला. दुसऱ्या शर्यतीत तो सगळ्यांच्या पुढे उभा. पण सगळ्यांत जास्त गुणांच्या तिसऱ्या शर्यतीत तो दहावाच सुटणार. म्हणजे फुकट काही मिळत नाही. शिवाय मुद्दाम दहावा येणं हे बोलायला सोपं आहे. दहा-बारा गाड्या दोन-तीन दशांश सेकंदांत असताना जरा ढिलाई केली की माणूस थेट अकरावा होतो आणि दोन्हीकडून जातो. मी स्वतः ड्रायव्हरला असा सल्ला देत नाही. पूर्ण जोर लावून जिथे येशील तिथे ये, शर्यतीचा विचार नंतर करू, असंच सांगतो.

उलट्या ग्रिडचा एक फायदा मला मनापासून मान्य आहे. त्यात ओव्हरटेकिंगची परीक्षा होते. सारख्या वेगाच्या गाडीला मागे टाकायचं तर ब्रेकवरच टाकावं लागतं. समोरच्याला कोणत्या वळणात चुकायला लावायचं, त्यासाठी दोन वळणं आधी आरशात कुठे दिसायचं, हे तारक्विनीसारख्याला येतं. तो १९९४ ला ब्रिटिश स्पर्धा जिंकला, २००३ ला युरोपियन, २००९ ला डब्ल्यूटीसीसी. चोवीस वर्षांची ही पुंजी घेऊन ५६ व्या वर्षी तो उतरला. तरुण ड्रायव्हर एका लॅपला त्याच्याहून वेगवान असतीलही. गर्दीत कुठे घुसायचं नाही, हे मात्र त्याला जास्त ठाऊक होतं.

वजन मॉडेलनुसार चढण्याऐवजी प्रत्येक ड्रायव्हरच्या निकालावर चढलं तर? डब्ल्यूटीसीसीच्या सुरुवातीच्या वर्षांत तसं होतं, ब्रिटनमध्येही बराच काळ होतं, पुढे २०२२ ला तिथे वजनाची जागा हायब्रिडच्या वापरावरच्या मर्यादेने घेतली. मला ड्रायव्हरनिहाय वजन कमी आवडतं. त्यात वजनाचा हिशोब ड्रायव्हरच्या डोक्यात शिरतो आणि एखाद्या फेरीत जोर न लावणंच फायद्याचं ठरू शकतं. मॉडेलनुसार वजनातही हा मोह असतोच, फक्त त्यासाठी एका कंपनीच्या सगळ्या टीमना संगनमत करावं लागेल, आणि तारक्विनी-मुलरसारखे एकाच गाडीतले दोघं जेतेपदासाठी झुंजत असतील तर ते होणं कठीण.

आता ठोकाठोकी आणि सुटे भाग, ज्यांच्याकडे टीव्हीवर बघताना कोणाचं लक्ष जात नाही. २०१८ ला पोर्तुगालच्या विला रिआलमध्ये, गावातल्या रस्त्यांवरच्या सर्किटवर, पहिल्या शर्यतीच्या पहिल्याच लॅपला रॉब हफ आणि मेहदी बेन्नानी यांच्या गाड्या एकमेकांना लागल्या आणि मागून येणाऱ्या गाड्या त्यात आदळत गेल्या. शर्यत थांबवावी लागली. दोघंही एकाच टीमचे. अशा दिवशी ड्रायव्हर धडधाकट बाहेर आला की आम्ही आधी देवाचे आभार मानतो, आणि दुसऱ्या क्षणी डोक्यात शेलचा, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याचा, विचार येतो. बॉनेट, बंपर, दरवाजे बदलता येतात. सस्पेन्शन जिथे बसतं ती जागाच हलली असेल तर गाडी पुन्हा सरळ धावत नाही. अलाइनमेंटच्या मशीनवर आकडे जुळवता येतात, पण डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच, असं वागणं तिच्यात राहून जातं. युरोपात असताना टीमच्या वर्कशॉपमधून ट्रकने सामान येतं. सीझनच्या शेवटी स्पर्धा चीन, जपान आणि मकावला गेली की कंटेनरमध्ये जे भरलं तेवढंच आपलं. म्हणून सप्टेंबरनंतर अनुभवी टीम ड्रायव्हरला सांगते की गाडी वाचव. त्यांचं हे सांगणं टीव्हीवर ऐकू येत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की अमुक ड्रायव्हर अचानक मवाळ झाला.

आणि शेवट कुठे, तर मकावला. ग्वाया सर्किट सहा किलोमीटरच्या वर, दोन्ही बाजूंना कठडे. मेल्को हेअरपिनला रस्ता जेमतेम सात मीटर रुंद, तिथे कायम पिवळा झेंडा, ओव्हरटेकिंग बंद. क्वालिफाइंगमध्ये मागे पडलं की शर्यतीत सावरायला जागा फार थोडी. जेतेपदासाठी लढणाऱ्यांना अशा ठिकाणी मोजून मापून चालवावं लागतं, तर बाकीच्यांना गमावण्यासारखं काहीच नसतं. दोन्ही प्रकारचे ड्रायव्हर एकाच रस्त्यावर. तीन गुणांचं अंतर राखून तिथून बाहेर पडणं याला मी फार मोठी कामगिरी मानतो.

तेव्हा पुढचा सीझन बघशील तेव्हा जिंकणाऱ्यावरून नजर काढ. दर फेरीआधी कोणत्या गाडीवर किती वजन आहे ते लिहून ठेव, ती यादी आयोजक जाहीर करतात. ज्या फेरीत एखाद्यावर पूर्ण वजन आहे, सर्किट वळणांचं आहे, तिथे तो कितवा येतो त्यावर खूण कर. तिथला सातवा क्रमांक हलक्या गाडीतल्या विजयाइतकाच बोलका असतो. शेवटच्या चार-पाच लॅपचे वेळ पहिल्या लॅपच्या वेळांशी ताडून बघ, टायर कोणी राखले ते लगेच कळेल. आणि कोणाचे शून्य गुणांचे दिवस किती, ते मोज. मी हा तक्ता भरतो तेव्हा सीझनच्या मध्यापर्यंत जेतेपदाचे खरे दावेदार बहुतेकदा दिसायला लागतात. बहुतेकदा म्हणतोय, कारण मकावला किंवा पावसात सगळं उलथतं.

मोबाइलवर बघून जे समजत नाही त्यासाठी एकदा प्रत्यक्ष ये. जागतिक फेरी बघायला आत्ता परदेशी जायची गरज नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचं सर्किट आहे, राष्ट्रीय स्पर्धेतल्या टूरिंग गाड्या तिथे पळतात. नागपूरहून तामिळनाडू एक्स्प्रेस किंवा जीटीने रात्रभराचा प्रवास. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला जायचं तर केरळ एक्स्प्रेस. स्टँडमध्ये बसण्यापेक्षा मार्शल म्हणून स्वयंसेवक व्हायची चौकशी आधी क्लबकडे कर, वळणाच्या कडेला उभं राहून गाडी पुढून कशी ढकलली जाते ते डोळ्यांनी दिसतं. शर्यतीनंतर स्क्रुटिनीच्या शेडपाशी थांब. गाड्या वजनकाट्यावर चढतात, सील तपासतात, तिथे कोणी हाकलत नसेल तर गप उभा राहून ऐक.

तुझ्या कॉलेजची बाहा किंवा फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांनी गाडी बनवायच्या स्पर्धांची टीम असेल तर त्यात शिर, आणि टायरचं तापमान व हवा यांची वही सांभाळायचं काम मागून घे. सगळ्यांना इंजिन हवं असतं, त्यामुळे ते काम लगेच मिळेल. सुईवाला तापमापक घे, वर दाखवणारा लेझरवाला नको, तो रबराचा फक्त पृष्ठभाग मोजतो आणि गाडी पिटमध्ये येईपर्यंत तो थंड झालेला असतो. प्रत्येक नोंदीसमोर वेळ, हवेचं तापमान आणि रस्त्याचं तापमान लिही. वही भरली की वर्कशॉपला घेऊन ये, आपण बसून बघू.